पायवाट कोणाची?

पहाटे उठून टेकडीवर जाण्याचा परिपाठ मी आज एकतीस वर्षे चालवीत आलो आहे. पुण्याच्या पश्चिम अंगास वेताळ टेकडी आहे. तिच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २६०० फूट उंचीवर, वेताळाचे देऊळ आहे. तेथवर जावे, नमस्कार करावा, घटकाभर बसावे आणि उन्हे कोवळी आहेत तोच खाली उतरावे, असा हा क्रम. वाटेत रोज भेटणाऱ्या मंडळींची नावेही मला धड ठाऊक नाहीत. परंतु त्यांची चाल, त्यांच्या काठीचा आवाज आणि त्यांचे खाकरणे मी अंधारातही ओळखू शकेन. अशा रीतीने वर्षानुवर्षे चालणाऱ्या माणसाच्या मनात त्या वाटेविषयी एक प्रकारची मालकीची भावना उत्पन्न होते, आणि ती केव्हा उत्पन्न झाली हे त्याचे त्यालाही कळत नाही. माझ्या ठिकाणी ही भावना किती बळावली होती ह्याचा प्रत्यय मला पुण्यात कधी आला नाही. तो आला सातासमुद्रांपलीकडे, आणि तोही माझ्या स्वतःच्या नातवाच्या निमित्ताने. ती हकीकत वाचकांस सांगावी असे बरेच दिवस मनात होते.

२०२४ सालच्या एप्रिलात आम्ही उभयता चिरंजीवांकडे कॅलिफोर्नियास गेलो. सॅन फ्रान्सिस्को शहरातून गोल्डन गेटचा पूल ओलांडून उत्तरेस गेले म्हणजे मॅरिन नावाचा परगणा लागतो, आणि तेथे टॅमल्पाइस नावाचा डोंगर उभा आहे. तेथील लोक त्यास लाडाने नुसते 'टॅम' म्हणतात. त्याची उंची सुमारे २५७० फूट. म्हणजे आमच्या वेताळापेक्षा तसूभरही अधिक नव्हे. परंतु पुणे मुळातच अठराशे फुटांवर वसले असल्यामुळे आमची टेकडी ती टेकडीच राहते, आणि हा डोंगर मात्र थेट समुद्राच्या पाण्यातून वर आल्यासारखा भासतो. ओढ्यांच्या काठाने रेडवुडचे प्रचंड वृक्ष, वरच्या उतारांवर तांबड्या, गुळगुळीत सालीची मॅन्झानिटाची झुडपे, आणि उन्हाळ्यात दुपार कलली की पश्चिमेकडून चढत येणारे धुके, असे त्याचे स्वरूप आहे. ह्या डोंगराच्या कुशीत पिण्याच्या पाण्याचे पाच तलाव आहेत, आणि सभोवारचे बरेचसे रान १९१२ साली स्थापन झालेल्या पाणीपुरवठा मंडळाच्या ताब्यात आहे. रानातून दोन प्रकारच्या वाटा गेल्या आहेत. एक, वणवा लागल्यास बंब नेता यावेत म्हणून केलेले रुंद कच्चे रस्ते. आणि दुसऱ्या, एका वेळी एकच माणूस जाईल एवढ्या अरुंद पायवाटा.

आमच्या लग्नास त्या वर्षी सेहेचाळीस वर्षे झाली होती. इतक्या वर्षांत सौभाग्यवती माझ्याबरोबर टेकडीवर आली असेल तर चार-पाच वेळा, आणि तीही पाहुण्यांना घेऊन. मी पहाटे बाहेर पडे तेव्हा ती पाणी भरीत असे, आणि मी परत येई तेव्हा चहाचे आधण उकळत असे. हा क्रम कोणी ठरविला, हे तिनेही कधी विचारले नाही व मीही विचारले नाही. अमेरिकेत सूनबाईंनी तिला कामास हात लावू दिला नाही. त्यामुळे वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ती प्रथमच माझ्याबरोबर रोज फिरावयास येऊ लागली. चालता चालता ती बोलू लागली. माहेरच्या आमराईविषयी, शाळेतील मैत्रिणींविषयी, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिला वाटलेल्या भीतीविषयी तिने मला ज्या गोष्टी सांगितल्या, त्या सेहेचाळीस वर्षांत माझ्या कानी आल्या नव्हत्या. त्या अरुंद पायवाटेवर ती पुढे असे व मी मागे. तोंड दिसत नसल्यामुळेच कदाचित तिला बोलणे सोपे जात असावे.

मे महिन्याच्या अखेरीस एके दिवशी तिसरे प्रहरी आम्ही अशाच एका पायवाटेने चाललो होतो. एका बाजूस दरड, दुसऱ्या बाजूस उतार. वाटेच्या तोंडाशी सायकलींस मनाई असल्याची पाटी होती. एवढ्यात वरच्या वळणावरून एकापाठोपाठ तीन सायकली आल्या. ब्रेक करकरले, माती उडाली, आणि पहिली सायकल सौभाग्यवतीच्या पदरास वारा घालून निघून गेली. ती दरडीकडच्या झुडपात अंग चोरून उभी राहिली. दुसरीही तशीच गेली. तिसरा मात्र थांबला. उतरला, टोपी काढली, आणि फार सभ्यपणे त्याने क्षमा मागितली. कोणास खरचटलेसुद्धा नव्हते. हातातील एक बांगडी तेवढी वाढवली होती. सौभाग्यवतीने काचा वेचून रुमालात बांधल्या आणि आम्ही मुकाट्याने परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आज गुडघा दुखतो आहे, तुम्ही जाऊन या." तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मी विचारलेच नाही, आणि तिनेही काही सांगितले नाही. दुखणे गुडघ्याचे नव्हते, हे मला पहिल्याच दिवशी कळले होते.

रात्रीच्या जेवणाच्या वेळी मी तो प्रकार तावातावाने सांगितला. "पाटी वाचता येत नाही, अशा लोकांच्या सायकली जप्त केल्या पाहिजेत," असे काहीसे मी बोललो. माझा नातू सोळा वर्षांचा आहे. तो आपल्या शाळेच्या सायकल-संघात आहे. शनिवार-रविवार त्याचा मुक्काम डोंगरावरच असतो. त्याने हातातला घास खाली ठेवला आणि आपल्या त्या परक्या वळणाच्या मराठीत तो म्हणाला, "आजोबा, त्या वाटेने मीही गेलो आहे. दोनदा. सकाळी फार लवकर, कोणी नसताना."

कोणी नसताना! मला जो संताप आला तो आवरला नाही. मी त्यास पुष्कळ बोललो. त्यातले बरेचसे बोलावयास नको होते. तो उठून आपल्या खोलीत गेला आणि पुढे चार दिवस आमच्यात अवाक्षर झाले नाही.

ह्याच सुमारास शेजारच्या एक वृद्ध बाई माझ्याकडे आल्या. काही निवडक पायवाटा सायकलींना खुल्या कराव्यात की काय, ह्याचा खल त्या वेळी पाणीपुरवठा मंडळात चालू होता, आणि लोकांची मते मागविली जात होती. बाई पन्नास वर्षे त्या डोंगरावर चालत होत्या. "तुमच्या पत्नीवर जो प्रसंग आला तो लिहून द्या, मी तो मंडळापुढे ठेवीन," असे त्या म्हणाल्या. मी आनंदाने होकार दिला. त्या गेल्यावर चिरंजीव माझ्यापाशी येऊन बसले. "बाबा, तुम्ही अवश्य लिहा," ते म्हणाले, "पण एक गोष्ट ध्यानात असू द्या. २०२० साली साथ आली, शाळा बंद पडली, आणि हा मुलगा खोलीत गेला तो पुढे दोन वर्षे जणू बाहेरच आला नाही. जेवणाचे ताटसुद्धा आम्ही दाराशी ठेवीत असू. त्याला ज्या वस्तूने बाहेर काढले ती ही सायकल." हे मला कोणी कळविले नव्हते. फोनवर विचारले की "बरा आहे" एवढेच उत्तर येई, आणि मीही तेवढ्यावर संतुष्ट होत असे.

पाचव्या दिवशी नातू होऊन माझ्याकडे आला. "आजोबा, फेअरफॅक्सला येता? तुम्हांला काही दाखवायचे आहे." फेअरफॅक्स हे डोंगराच्या पायथ्याचे गाव. तेथे २०१५ साली सायकलींचे एक संग्रहालय उघडले आहे. डोंगरी सायकल म्हणून आज जी जगभर विकली जाते ती ह्याच परिसरात वाढीस लागली, हे मला तेथे समजले. सुमारे १९७० नंतरच्या काळात येथील काही तरुण १९३०-४० च्या सुमाराच्या जुन्या, जाड टायरांच्या, चाळीस-पन्नास पौंड वजनाच्या सायकली भंगारातून उचलीत, डोंगरावर चढवीत, आणि तेथून खाली सोडून देत. १९७६ च्या ऑक्टोबरात फेअरफॅक्सजवळच्या एका उतारावर त्यांनी शर्यत लावली. दोन मैलांच्या आसपास अंतर आणि १३०० फूट उतार! मागच्या चाकातील ब्रेक एवढा तापे की त्यातले वंगण जळून जाई आणि प्रत्येक खेपेनंतर ते नव्याने भरावे लागे; त्यावरून त्या उतारास 'रीपॅक' हे नाव पडले. पुढे गॅरी फिशर नावाच्या तरुणाने तो साडेचार मिनिटांच्या आत उतरून दाखविला. १९७७ साली जो ब्रीझ ह्याने खास ह्याच कामासाठी नवी सायकल बांधली, आणि १९७९ साली फिशर व चार्ली केली ह्यांनी अशा सायकली विकण्याचा धंदा काढला. चार-दोन मित्रांचा खेळ दहा वर्षांत जगभर पसरला.

त्याबरोबर तंटाही उभा राहिला. ज्या पायवाटांवर ह्या सायकली धावू लागल्या त्या काही आकाशातून पडल्या नव्हत्या. हा डोंगर राखला जावा म्हणून १९१२ सालीच चालणाऱ्यांनी आपली संस्था काढली होती, आणि पिढ्यानपिढ्या त्यांनी ह्या वाटा हातांनी राखल्या होत्या. तेव्हा त्यांनी हाकाटी केली ह्यात नवल नाही. सायकलींना रुंद कच्च्या रस्त्यांवर मुभा राहिली, अरुंद वाटा बंद झाल्या. वेगाची मर्यादा ताशी १५ मैल, व आंधळ्या वळणावर किंवा माणसाजवळून जाताना ५ मैल, अशी ठरली, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहण्यास वनरक्षक वेगमापक यंत्रे घेऊन उभे राहू लागले. देशभराचा विचार केला तर १९६४ च्या कायद्याने राखून ठेवलेल्या निबिड रानांत यांत्रिक वाहनांस बंदी होतीच. १९८४ साली तेथील वनखात्याने त्या बंदीत सायकलही स्पष्टपणे घातली. त्यावर १९८८ साली सायकलवाल्यांनी आपला संघ स्थापिला. अशी ही दोन्ही पक्षांची मोर्चेबांधणी आज चाळीस वर्षे चालू आहे.

संग्रहालयात त्या जाड टायरांच्या एका जुनाट सायकलीपुढे मी बराच वेळ उभा राहिलो. ती हुबेहूब आमच्या पेठेतील दूधवाल्याच्या सायकलीसारखी होती. आमचे आजोबा सायकलीस पायगाडी म्हणत. तासाच्या भाड्याने सायकल आणून, मधल्या दांडीखालून पाय घालून, गुडघे फोडून घेत मी ती शिकलो. पुणे त्या काळी सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते, आणि आम्ही महाविद्यालयीन तरुण म्हणजे जणू त्या शहराचे राजे. १९७० साली, मी अठरा वर्षांचा असताना, एके सकाळी एका उतारावरून हात सोडून सायकल हाकीत होतो. वळणावर पांढरी टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ पुढे आले. मी त्यांना चुकविले. धक्कादेखील लागला नाही. त्यांच्या हातातील काठी मात्र गटारात पडली. मी हसत हसत पुढे गेलो आणि कट्ट्यावर मित्रांना ती गोष्ट पराक्रम म्हणून सांगितली. ते गृहस्थ मला रोज त्या रस्त्यास दिसत असत. त्या दिवसानंतर ते मला तेथे दिसल्याचे स्मरत नाही. त्यांनी दुसरा रस्ता धरला की घराबाहेर पडणेच सोडले, हे जाणण्याची मला त्या वेळी इच्छा झाली नाही. आणि चोपन्न वर्षांनी, परमुलखात, त्या जुन्या सायकलीपुढे ती झाली तेव्हा विचारावयास कोणी उरले नव्हते. घरी जाताना मोटारीत मी ती गोष्ट नातवास सांगितली. तो काही बोलला नाही. परंतु उतरताना त्याने माझा हात धरला.

मत द्यावयाचे तर ते ऐकीव गोष्टींवर देऊ नये, अशी शिक्षकी पेशात मला लागलेली सवय आहे. जूनमध्ये एका शनिवारी नातू वाटा दुरुस्त करण्याच्या श्रमदानास निघाला, त्याच्याबरोबर मीही गेलो. एका बाजूस दाताळे व दुसऱ्या बाजूस रुंद पाते असलेले अवजार माझ्या हाती दिले गेले. चालणारे म्हातारे आणि सायकलवाली पोरे एकाच चरावर काम करीत होती. तेथे मला कळले की वाटेचा खरा शत्रू पाणी आहे. पाणी वाटेवरून आडवे निघून गेले तर वाट टिकते; ते वाटेनेच वाहू लागले की वाटेचा ओढा होतो, मग ती पायांनी उकरलेली असो की चाकांनी. सायकलीने डोंगर खणला जातो असा माझा पक्का समज होता. परंतु माँटाना संस्थानात केलेल्या व १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले होते की, ओल्या केलेल्या वाटेवर घोड्यांचे खूर व माणसांचे पाय ह्यांनी सुटणारी माती चाकांनी सुटणाऱ्या मातीपेक्षा अधिक भरते. तेव्हा मातीच्या नावाने सायकलीवर सगळा दोष ढकलणे न्यायाचे नव्हे. माझ्या कागदावर लिहिलेला पहिला मुद्दा मी खोडला.

परंतु दुसरा मुद्दा खोडता येईना. ह्या प्रश्नाचा विचार करणाऱ्यांच्या ध्यानात एक गोष्ट वारंवार आली आहे. पायी चालणाऱ्यास सायकलवाल्याचा जेवढा उपद्रव वाटतो, तेवढा सायकलवाल्यास पायी चालणाऱ्याचा वाटत नाही. हे साहजिकच आहे. वेगाने जाणाऱ्यास समोरचा माणूस हा क्षणभराचा अडथळा. हळू चालणाऱ्यास मागून वा वरून येणारा वेग हे दिवसभराचे भय. ह्यातून आणखी एक अनर्थ होतो. ज्यास भय वाटते तो भांडत नाही, तक्रार लिहीत नाही. तो यावयाचाच थांबतो. अपघातांच्या नोंदवहीत त्याचे नाव नसते. मग वाटेवर उरलेल्या लोकांस विचारले तर ते म्हणतात, "येथे सर्व काही ठीक आहे." सौभाग्यवतीचे गुडघादुखीचे निमित्त कोणत्या नोंदवहीत लिहिले जाणार होते?

अशा विचारात असता मला आमचा जुना वाडा आठवला. माडीवर जाणारा जिना अंधारा, अरुंद आणि मध्येच वळलेला होता. आधारास वरून एक दोर सोडलेला. त्या जिन्यावरून आजीची कळशी वर जाई, आणि आम्ही पोरे तीन-तीन पायऱ्या उड्या मारीत खाली येत असू. घरात सतरा माणसे आणि जिना एकच. पोरांनी जिना वापरू नये असे कोणी म्हटले नाही, आणि म्हाताऱ्यांनी खालीच बसावे असेही कोणी म्हटले नाही. आजीचा नियम एकच होता. उतरणाऱ्याने वळणापूर्वी थांबावयाचे, "मी येतो हं!" म्हणून आवाज द्यावयाचा, आणि खालून कोणी चढत असेल तर ते वर येईपर्यंत उभे राहावयाचे. ज्याच्या हातात ओझे, त्याचा मान पहिला. हा नियम मोडणाऱ्यास संध्याकाळी पर्वचा म्हटल्यावाचून जेवावयास मिळत नसे.

आश्चर्य असे की, अमेरिकेतील डोंगरवाटांवर जो शिष्टाचार सांगितला जातो तो आजीच्या नियमाहून निराळा नाही. सायकलवाल्याने चालणाऱ्यास व घोडेस्वारास वाट द्यावी, चालणाऱ्याने घोडेस्वारास द्यावी, असा तो आहे. इंग्लंडात १९६८ च्या कायद्याने घोडवाटांवर सायकलींना मुभा दिली तीही ह्याच अटीवर, की सायकलवाल्याने पायी जाणारास व घोडेस्वारास आधी वाट द्यावी. काही ठिकाणी आळीपाळीची युक्ती योजिली आहे. टाहो सरोवराभोवतीच्या वाटेच्या एका भागावर सायकलींना सम तारखांसच परवानगी आहे. उत्तर कॅरोलायनातील त्साली येथे घोडेस्वार आणि सायकलवाले ह्यांना निरनिराळ्या वाटा वार लावून वाटून दिल्या आहेत. वार लावून शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या पुण्यात वाढलेल्या मला ही योजना परकी वाटली नाही. पाच घरी जेवणारा विद्यार्थी कोणत्याही एका घरास जड होत नसे, हे तर आमच्या वडिलांनी स्वतः अनुभविले होते.

तेव्हा जुलैमध्ये मी जे पत्र लिहिले ते शेजारच्या बाईंनी अपेक्षिले होते तसे राहिले नाही. घडलेला प्रसंग मी जसाच्या तसा लिहिला. त्यात काही सौम्य केले नाही. पुढे लिहिले की, रुंद रस्ते सर्वांचे असावेत. ज्या अरुंद वाटांवर दूरवर दिसते व बाजूस सरावयास जागा आहे, त्या आळीपाळीने द्याव्यात, म्हणजे भित्र्या माणसासही निर्धास्त असा एखादा दिवस मिळेल. परंतु जेथे एका अंगास दरड, दुसऱ्या अंगास उतार आणि वळण आंधळे, त्या वाटा चालणाऱ्यांसाठीच राखाव्यात. कारण तेथे शिष्टाचार कितीही चांगला असला तरी चूक दुरुस्त करण्यास जागाच नसते. आणि ज्या वाटा चोरून वापरल्या जातात, त्यांच्या बदली पोरांना हक्काची एखादी वाट द्यावी; नुसत्या पाट्या लावून तारुण्य थांबत नाही.

रात्री जेवणे झाल्यावर मी ते पत्र सर्वांस वाचून दाखविले. सूनबाईंनी दोन ठिकाणी इंग्रजी सुधारले. नातू म्हणाला, "आंधळ्या वळणाच्या वाटा बंदच? त्यांतच तर मजा असते, आजोबा." मी म्हटले, "होय, ते मला ठाऊक आहे. म्हणूनच लिहिले." तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि म्हणाला, "त्या वाटेने मी पुन्हा जाणार नाही. पण तुम्ही सांगता म्हणून नाही." "मग?" "आजी गुडघा दुखतो म्हणते म्हणून." सौभाग्यवती भांडी आवरीत होती. तिने मागे वळून पाहिले नाही. पण नळ मात्र बंद केला.

शेजारच्या बाईंना पत्र फारसे रुचले नाही. "तुम्ही दोन्ही बाजूंनी बोलता," असे त्या म्हणाल्या. तरीही त्यांनी ते नेऊन दिले, हा त्यांचा मोठेपणा. सप्टेंबरात मंडळाने काही निवडक पायवाटांवर सायकलींना प्रायोगिक मुभा देण्याचे ठरविले, आणि दुर्मीळ वनस्पती व पक्षी ह्यांची काळजी वाहणाऱ्या संस्थांनी त्या निर्णयास न्यायालयात आव्हान दिले. माझ्या पत्राने कोणाचे मत तसूभर हलले असेल असे मला वाटत नाही.

त्या डोंगरावर १८९६ पासून १९३० पर्यंत एक आगगाडी जात असे. जगातील सर्वांत वाकडातिकडा लोहमार्ग म्हणून तिची ख्याती होती. रूळ उखडल्यावर उरलेला तिचा मार्ग आज चालणारे व सायकलवाले दोघेही वापरतात. परतण्यापूर्वी, ऑक्टोबराच्या पहिल्या आठवड्यात, मी सौभाग्यवतीस म्हटले, "तो रस्ता रुंद आहे. आगगाडी मावत होती, तेथे आपण दोघे मावू." ती हसली आणि आली. चार महिन्यांनी ती प्रथमच डोंगरावर येत होती. प्रत्येक वळणापाशी ती कडेस सरके आणि कान देई; बोलणे असे काही झाले नाही.

मैलभर गेल्यावर वरून सायकलीच्या घंटीचा आवाज आला. नातवाने आपल्या सायकलीस घंटी बसविली होती, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. आणि त्याच्यामागून, वळणाच्या पलीकडून, त्याच त्या परक्या वळणाच्या मराठीत हाक आली, "मी येतो हं, आजी!" जिन्याची गोष्ट मी त्यास कधी सांगितली नव्हती. ती त्यास कोणी सांगितली हे सौभाग्यवतीच्या तोंडाकडे पाहून मला कळले. तो आणि त्याचे दोन सोबती वळणावरून हळूहळू आले, आम्हांस पाहून उतरले, आणि सायकली कडेस घेऊन उभे राहिले.

"अरे, जा ना तुम्ही. मला चढायला किती वेळ लागेल!" ती म्हणाली.

"असू दे," तो म्हणाला, "तू चढ. तुझ्या हातात पाण्याची बाटली आहे."

ती चढू लागली. वळण ओलांडल्यावर तिने मला विचारले, "त्या आमराईचे मी मागे कुठवर सांगितले होते?"

आता पुण्यास आठवड्यातून तीन दिवस ती माझ्याबरोबर टेकडीवर येते. त्या दिवशी चहा मी करतो. आमच्या वेताळाच्या वाटेवरही हल्ली तशा सायकली दिसतात. पूर्वी मी त्यांच्याकडे कपाळास आठ्या घालून पाही. आता वळणावर मी खाकरतो, आणि बहुतेक मुले थांबतात. जे थांबत नाहीत त्यांना मी अजूनही बोलतो. परंतु बोलताना ती पांढरी टोपी आणि गटारात पडलेली काठी डोळ्यांपुढे येते, आणि आवाज आपोआप खाली उतरतो.